‘क्लच गेला’ म्हणण्याआधी पेडल तपासा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

कापसाचा हंगाम सुरू झाला की पांढरकवडा, घाटंजी, वणी, हिंगणघाट या बाजूच्या जिनिंगसमोर (कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यांसमोर) वाहनांच्या रांगा लागतात आणि त्यांत पंधरा-वीस वर्षे राबलेले जुने ट्रक आजही दिसतात. दरवर्षी त्यांतला एखादा ट्रक क्लचचे पेडल खाली बसल्यामुळे रांगेतून ढकलत बाजूला घ्यावा लागतो. मग मिस्त्री येतो, केबिनमध्ये न चढताच ‘क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ असे सांगतो आणि मालक मान डोलावतो. या घाईच्या निदानामुळे छोट्या ट्रकमालकाचे जे नुकसान होते, ते टाळता येण्यासारखे आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्या स्वतःच्या गाडीच्या बाबतीत असेच घडले. कापूस भरलेली गाडी रांगेत उभी असताना पेडल हळूहळू तळाला जाऊ लागले आणि रिव्हर्स टाकताना गिअर खरखरू लागला. मी तेव्हा फारशी चौकशी न करता गिअरबॉक्स उतरवू दिला. दोन दिवसांनी प्लेट बाहेर आली तेव्हा तिचे अस्तर चांगले जाड होते आणि रिव्हेटची डोकी अस्तरात खोल होती, म्हणजे ती प्लेट अजून बरेच दिवस चालली असती. तरीही ‘उघडलेच आहे तर’ म्हणून नवी प्लेट आणि तिला दाबून धरणारी नवी प्रेशर प्लेट बसवली गेली. गाडी जोडून झाली आणि पेडल पुन्हा तसेच तळाला गेले. खरा दोष केबिनमध्ये, पेडलच्या मागे बसवलेल्या, तेलाला दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरमधल्या झिजलेल्या रबरी वॉशरमध्ये होता. कापसाच्या दोन खेपांचे भाडे त्या दुरुस्तीत गेले आणि ज्यांचा माल गाडीत होता त्या शेतकऱ्यांचा खोळंबा झाला तो वेगळाच.

तेलावर चालणाऱ्या क्लचची रचना समजून घेतली तर ही चूक होत नाही. पेडल दाबले की त्याचा दांडा मास्टर सिलिंडरमधला पिस्टन ढकलतो, तो दाब नळीतल्या तेलातून गिअरबॉक्सच्या बाजूला असलेल्या खालच्या सिलिंडरपर्यंत पोचतो, त्या सिलिंडरचा दांडा फोर्क नावाची दुबेळकी तरफ ढकलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला प्रेशर प्लेटवर रेटतो आणि इंजिन व गिअरबॉक्सची जोड सुटते. फोर्कपर्यंतचे सारे बाहेर आहे आणि पाना-बॅटरी घेऊन थोड्या वेळात पाहता येते. त्यापुढचे मात्र गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय दिसत नाही. म्हणून बाहेरचे पुरते तपासल्याशिवाय आतल्या भागाला हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

ही तपासणी करताना गाडी सपाट जागी लावून चाकांना दगड द्यावेत, हँडब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, इंजिन बंद करावे आणि मगच गाडीखाली जावे. आधी तेलाची टाकी पाहावी. पातळी उतरली असेल तर तेल कुठेतरी गेले आहे, आणि नुसते वरून भरून तो दोष मिटत नाही. पेडलच्या दांड्याशी ओल दिसली किंवा तिथला रंग पोपडे धरून सुटला असेल तर मास्टर सिलिंडर गळतो आहे, कारण ब्रेक ऑइल रंग खाते. खालच्या सिलिंडरचे रबरी टोपण बोटाने मागे सारले आणि आतून तेल आले तर त्याचा वॉशर गेला. कुठेच गळती नाही, पण पेडल दाबून धरले की पायाखालून हळूहळू खाली सरकते, तर मास्टर सिलिंडरच्या आतच तेल वॉशरला वळसा घालून मागे येत असते. माझ्या गाडीत नेमके हेच होते. बाहेर एक थेंब नसल्यामुळे कोणाला संशयही आला नाही. पेडल गादीसारखे मऊ लागते आणि दोन-तीनदा मारल्यावर सुधारते, तेव्हा बहुधा नळीत हवा असते.

जुनी रबरी नळीही विसरू नये. ती दाबाखाली फुगत असेल तर पायाचे बळ नळी फुगवण्यात जाते आणि आतून सुजून तिची वाट अरुंद झाली असेल तर पेडल सोडल्यावरही तेल वेळेवर परतत नाही.

सगळ्यांत उपयोगी कसोटीला दोन माणसे आणि एक पट्टी पुरते. एकाने केबिनमध्ये बसून पेडल पूर्ण दाबावे आणि दुसऱ्याने खालच्या सिलिंडरचा दांडा किती सरकतो ते मोजून गाडीच्या सर्व्हिस पुस्तकातल्या मापाशी ताडून पाहावे. दांडा कमी सरकत असेल तर दोष पेडल, सिलिंडर किंवा नळीत आहे. तो पुरेसा सरकूनही क्लच सुटत नसेल, तर फोर्कपासून आतल्या भागाकडे संशय न्यावा आणि तेव्हाच गिअरबॉक्सचे नाव काढावे.

हवा काढताना खालच्या सिलिंडरच्या निपलला, म्हणजे हवा सोडण्याच्या छोट्या तोटीला, पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक तेल असलेल्या बाटलीत बुडवावे. वरच्याने पेडल दाबून धरावे, खालच्याने निपल सैल करावी, बुडबुडे आणि तेल येऊ द्यावे, निपल घट्ट करावी आणि मगच वरच्याने पाय उचलावा. निपल उघडी असताना पाय उचलला तर हवा पुन्हा आत जाते. बुडबुडे थांबेपर्यंत हे करत राहावे आणि मधूनमधून टाकी भरावी.

तेलाबद्दल कळकळीने सांगावेसे वाटते. टाकीवर लिहिलेलेच, म्हणजे बहुतेक गाड्यांत डॉट 3 किंवा डॉट 4 दर्जाचे ब्रेक ऑइल घालावे. रस्त्यात अडल्यावर हाताशी असलेले इंजिन ऑइल ओतण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ते तेल आतल्या रबराला मानवत नाही. वॉशर फुगून मऊ पडतो, पिस्टन मागे येत नाही आणि अख्खी लाइन धुऊन सगळे रबर बदलावे लागते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावाही शोषते, त्यामुळे पावसाळाभर उघड्या झाकणाने ठेवलेला डबा वापरू नये आणि लाइनमधले काळपट तेल सर्व्हिस पुस्तकात दिलेल्या मुदतीत बदलावे.

पेडल जड लागत असेल तर आधी पेडलच्या शाफ्टची बुशे आणि फोर्कचा टेकू कोरडा पडला आहे का ते पाहावे. ज्या मोठ्या गाड्यांत क्लचला हवेची जोड असते, तिथे हवेचा काटा चढला आहे ना याची खात्री करावी. दांडे किंवा केबल असलेल्या गाडीत सांधे आणि केबल पाहिली की बरेच काम भागते.

आतला दोष कसा ओळखायचा तेही सांगतो. चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी ओढ घेत नाही आणि जळका वास येतो, तेव्हा प्लेट घसरत असते. पण तिथेही मास्टर सिलिंडरच्या दांड्याला थोडी ढील आहे की नाही ते आधी पाहावे, कारण ढीलच नसेल तर तेल पुरते परतत नाही, क्लच अर्धवट दाबलेला राहतो आणि नवी प्लेटही जळते. पेडल दाबताच येणारा आवाज बहुधा रिलीज बेअरिंगचा, आणि पेडल सोडल्यावर येऊन दाबल्यावर थांबणारा आवाज गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा असतो.

ड्रायव्हर बांधवांनाही एक विनंती आहे. जिनिंगच्या रांगेत गाडी हातभर पुढे सरकते आणि पुन्हा थांबते, तेव्हा गिअर टाकून पेडल दाबून बसू नये. न्यूट्रल करून हँडब्रेक ओढावा आणि चालताना पाय पेडलवर टेकवून ठेवू नये.

आपल्या वृत्तपत्रात पिकांवरील रोगांविषयी सल्ला येतो आणि शेतकरी तो कात्रण करून ठेवतात. हंगामाच्या तोंडावर, दसऱ्यापूर्वी, जुन्या मालवाहू गाड्यांच्या देखभालीविषयी तसेच सदर आपण चालवावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तेथील निदेशकांकडून ते लिहून घेता येईल. तालुक्याच्या बाजार समितीच्या आवारात एखाद्या रविवारी प्रात्यक्षिक ठेवले तर माझ्या गाडीतून निघालेला तो मास्टर सिलिंडर आणि झिजलेला वॉशर घेऊन मी येईन. दोन्ही मी जपून ठेवले आहेत.

आपला नम्र,
एक जुना ट्रकमालक
केळापूर तालुका, जि. यवतमाळ