मेगावॅट आणि युनिट एक नव्हेत

संपादक महोदय,

'प्रकल्पातून दररोज ५० मेगावॅट वीज मिळणार', 'यंत्राला ताशी २ किलोवॅट वीज लागते' अशी वाक्ये मराठी वृत्तपत्रांत सर्रास छापून येतात. दोन्ही चुकीची आहेत. एक वॅट म्हणजे सेकंदाला एक जूल ऊर्जा. वेळ त्यात आधीच आलेली आहे, म्हणून पुढे 'दररोज' किंवा 'ताशी' लावताच येत नाही. ऊर्जा सांगायची तर किलोवॅट-तास, म्हणजे वीजबिलावरचे युनिट. एक किलोवॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट पडते. जूलमध्ये ते ३६ लाख.

हा शब्दांचा कीस नव्हे. छतावरचे १ किलोवॅटचे सौर पॅनेल दिवसाला २४ युनिट देत नाही. आपल्याकडे वर्षाची सरासरी साधारण ४ युनिट, पावसाळ्यात त्याहून कमी. नुसते किलोवॅट वाचून कर्ज काढणाऱ्याचा हिशेब इथेच फसतो.

गिझरचेच पाहा. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे २२०० किलोजूल, म्हणजे ०.६१ युनिट लागते. २ किलोवॅटचा गिझर त्यासाठी १८ मिनिटे घेईल, ३ किलोवॅटचा १२. टाकीतून गळणारी उष्णता सोडली तर युनिट तेवढीच, त्यामुळे 'जास्त वॅटचा गिझर जास्त वीज खातो' हा सल्ला चुकीचा ठरतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर तर युनिट लिहिलेलेच नसते. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२ गुणिले १५०, १८०० वॅट-तास, अर्थात १.८ युनिट, आणि तीही पूर्ण उपसायची नसते.

आरोग्याच्या पानावरही एककांची गफलत दिसते. 'दिवसाला २००० कॅलरी' म्हणजे प्रत्यक्षात २००० किलोकॅलरी, सुमारे २.३ युनिट. खऱ्या २००० कॅलरींत जेमतेम दोन लिटर पाणी एका अंशाने तापेल!

विनंती एवढीच, की वीजप्रकल्पाच्या बातमीत क्षमता मेगावॅटमध्ये आणि वर्षाची अपेक्षित निर्मिती युनिटमध्ये, अशा दोन्ही संख्या द्याव्यात. घरातला फरक वाचकाला मीटरवरच पाहता येईल. त्यावर एका युनिटला ३२०० पल्स असे छापलेले असेल आणि लाल दिवा मिनिटाला १६ वेळा लुकलुकत असेल, तर त्या क्षणी घरात ३०० वॅट वापरले जात आहेत. युनिट मात्र ३२०० लुकलुकी झाल्यावरच पुढे सरकते.

– भौतिकशास्त्राचा एक शिक्षक, सातारा