आई, मनगटाला दोरा बांधू देऊ नकोस

पॅरिस, रविवार

ती. आई-बाबांना सा. न.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, खोली उबदार आहे, खोकला गेला.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "तिथं एवढी फसवाफसवी, तर आम्ही कशाला यायचं?" ते मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले. मी इथं रोज रात्री मेट्रोनं एकटी येते, बाबा. शहर वाईट नाही. काही खुणा तेवढ्या ओळखता आल्या पाहिजेत.

पहिली खूण म्हणजे 'बोंजूर', इथला नमस्कार. इथं दुकानात शिरलं की आधी बोंजूर, मग काय हवं ते. बसच्या ड्रायव्हरला, लिफ्टमधल्या अनोळखी बाईला, औषधवाल्यालाही. थेट पाव मागितला तर दुकानदारीण आधी स्वतः सावकाश 'बोंजूर' म्हणते आणि आपण म्हणेपर्यंत थांबते! अंधार पडला की 'बोंस्वार'. त्याच माणसाला दिवसात दुसऱ्यांदा बोंजूर म्हटलं तर पहिलं विसरलात असं त्याला वाटतं. आपल्याकडं वाण्याला नमस्कार करून कोण साखर मागतं? पण हे कळलं की पुढचं सोपं होतं. बोंजूर न म्हणता "स्पीक इंग्लिश?" विचारत कुणी कागद पुढं केला, तर सही करायला थांबायचं नाही. आपण वाचत असताना त्याचा जोडीदार आपली पर्स उघडतो. नदीकाठी कुणी पायाशी पडलेली 'सोन्याची' अंगठी उचलून "तुमची का?" विचारेल. ती पितळेची असते, आणि हातात घेतली की पैसे मागतात. आयफेल टॉवरपाशी तीन वाट्यांपैकी कुठल्या वाटीखाली गोळी आहे त्यावर पैसे लावायचा खेळ चालतो, तिथं जिंकणारे सगळे त्यांचेच असतात.

आता जे सांगितलं नव्हतं ते. पहिल्याच आठवड्यात मी मोंमार्त्रच्या टेकडीवर साक्रे-कर चर्च बघायला गेले. पायऱ्यांखाली एकानं रंगीत दोरा धरला. देवळाच्या दारात दोरा म्हटल्यावर मी आपणहून हात पुढं केला, आई. त्यानं गाठ अशी आवळली की सुटेना, आणि आणखी दोघं येऊन उभे राहिले. वीस युरो दिले, म्हणजे आपले दोनेक हजार. आजीनं निघताना हातात ठेवलेले होते, त्यातलेच. तिला एवढ्यात सांगू नका, मी तिच्याजवळ बसून सांगेन. तिथं हात खिशात घालून चालायचं, बस.

विमानतळावर मी येणारच आहे. तरी चुकामूक झालीच, तर आतमध्ये "टॅक्सी?" विचारणाऱ्याबरोबर जाऊ नका, बाहेरच्या टॅक्सीच्या रांगेत उभे राहा. शार्ल द गॉल विमानतळाहून शहरात भाडं ठरलेलं असतं. माझी खोली सीन नदीच्या डाव्या काठाला, म्हणून ६५ युरो, उजव्या काठाला ५६. एटीएमनं रुपये की युरो विचारलं तर युरोच निवडा, रुपयाचा भाव ते वाईट लावतात.

व्हिसाचा अर्ज मागं घेऊ नका. ३० हजार युरोंचा प्रवासविमा लागतो, त्याचे पैसे मी भरते. या महिन्याचे ४०० युरो शुक्रवारी पाठवलेत, कर्जाच्या हप्त्याला घाला. आजीच्या मोतीबिंदूच्या वेळी मी नव्हते, निदान तिच्या औषधांचं तरी माझ्याकडं राहू द्या. आत्यानं सुचवलेल्या कराडच्या मुलाशी बोलले, माणूस सरळ वाटला. पण नोकरीचं पक्कं होईपर्यंत शब्द देऊ नका. आई, रागावू नकोस. समोर बसून बोलू, म्हणून तरी ये.

तुमची,
चिऊ

ता. क. मेतकूट आण.