स्पर्धा संपल्यावरही टेनिस संकुलाचं फाटक उघडं राहू द्या

मा. क्रीडामंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

नव्या टेनिस संकुलाचा आराखडा आपल्यासमोर मंजुरीसाठी आहे. चर्चा मात्र मुख्य स्टेडियमच्या आसनांची आणि सरकत्या छपराचीच ऐकू येते. मी मुलांना टेनिस शिकवतो. माझी विनंती बाजूच्या कोर्टांसाठी आहे, कारण खेळाडू तिथे घडतात.

न्यूयॉर्कचं आर्थर अ‍ॅश हे जगातलं सर्वांत मोठं टेनिस स्टेडियम, २३ हजारांहून जास्त प्रेक्षकांचं. १९९७ साली ते सुरू झालं, छप्पर आलं २०१६मध्ये. पण ते उभं आहे सार्वजनिक उद्यानात. यूएस ओपन स्पर्धेचा काळ सोडला, तर त्या संकुलातली बहुतेक कोर्टं कोणालाही तासाचं भाडं भरून मिळतात. मी पाहिलेल्या संकुलांत मात्र बक्षीस समारंभ उरकला की फाटकाला कुलूप लागतं आणि मुलं जाळीबाहेरून रिकामी कोर्टं बघत राहतात. हे बघवत नाही.

आराखडा तपासताना एका गोष्टीवर अडून बसा. कोर्ट २३.७७ मीटर लांब असतं, पण खेळ तेवढ्यात मावत नाही. बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या टोकाच्या रेषेच्या, मागे ६.४० आणि बाजूला ३.६६ मीटर मोकळी जागा हवी. एखादं कोर्ट जास्त बसवायचं म्हणून कात्री लागते ती नेमकी इथेच, आणि डोक्यावरून गेलेल्या उंच चेंडूमागे, म्हणजे लॉबमागे, उलट पावली धावणारं पोर कुंपणावर आदळतं. व्हीलचेअर टेनिसमध्ये चेंडूचे दोन टप्पे चालतात, दुसरा टप्पा कोर्टाबाहेर पडला तरी चालतो. तो चेंडू गाठायचा आणि खुर्ची वळवायची, तर जागा हीच लागते. खुर्ची सहज आत जाईल एवढं रुंद दारही हवं.

उताराचंही तसंच. हार्ड कोर्टाला, म्हणजे सिमेंट-डांबराच्या पक्क्या कोर्टाला, एकाच दिशेने, शंभर मीटरला साधारण एक मीटर उतार लागतो. तो चुकला की पाऊस थांबल्यावरही सर्व्हिस बॉक्समध्ये, म्हणजे सर्व्हिस जिथे पडायला हवी त्या चौकटीत, डबकं राहतं. वायपरने पाणी ओढलं तरी पातळ थर मागे उरतोच, आणि पाय घसरतो तो त्याच्यावरच. सारखं पाणी मुरलं की रंग फुगतो, पापुद्रे सुटतात. म्हणून देखभालीचा निधी बांधकामाच्या मंजुरीतच वेगळा धरा.

सरावाची भिंत, शेवटच्या कोर्टाजवळ स्वच्छतागृह, मुलींसाठी कपडे बदलायची खोली, एवढं झालं तरी पुष्कळ. सकाळ-संध्याकाळचे तास शाळकरी मुलांसाठी राखून ठेवल्याचा उल्लेख मात्र मंजुरीच्या आदेशातच असावा. तोंडी आश्वासनं पहिल्याच स्पर्धेनंतर विसरली जातात.

कळावे,
आपला,
एक टेनिस प्रशिक्षक