मोटारीची खरी किंमत आणि खरी गरज

माननीय संपादक,

दसरा-दिवाळीच्या तोंडावर नवी मोटार घेणाऱ्या कुटुंबांनी जाहिरातीतील एक्स-शोरूम किमतीवर (म्हणजे कर, विमा व नोंदणी वगळून असलेल्या किमतीवर) आपले अंदाजपत्रक बेतू नये, असे कळकळीने सांगावेसे वाटते. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीवर ११ टक्के, तर डिझेल मोटारीवर १३ टक्के कर बसतो. त्यात तीन वर्षांचा सक्तीचा थर्ड पार्टी विमा (अपघातात इतरांच्या नुकसानीची भरपाई देणारा) आणि नोंदणी शुल्क मिळवल्यावरच खरा आकडा हाती येतो. हा विमा विक्रेत्याकडूनच घ्यावा असे कोणतेही बंधन नाही, हे अनेकांना ठाऊक नसते.

वापराचा विचार त्याहून महत्त्वाचा आहे. २०२० मध्ये वाहनांच्या धुरावर मर्यादा घालणारे बीएस-६ निकष लागू झाल्यापासून डिझेल मोटारींत काजळी अडवणारा फिल्टर असतो आणि तो साफ राहण्यासाठी अधूनमधून सलग, वेगात गाडी चालवावी लागते; त्यामुळे रोज जेमतेम चार-पाच किलोमीटर, तेही शहरातल्या गर्दीतून, जाणाऱ्याने केवळ इंधन वाचेल म्हणून डिझेल मोटार घेणे मला सर्वथा चुकीचे वाटते. सीएनजी स्वस्त पडते, पण अनेक मोटारींत टाकीमुळे डिकी जवळपास भरून जाते.

प्रत्येक शोरूममध्ये ऑन-रोड (सर्व खर्च धरून होणाऱ्या) किमतीचा तपशीलवार तक्ता दर्शनी भागात लावणे परिवहन विभागाने बंधनकारक करावे, ही विनंती.

– एक वाचक, नाशिक