मंडपमला उतरवलेले प्रवासी

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला, रामेश्वर बेटाच्या टोकावरच्या धनुष्कोडी गावाचा लेख वाचला. फोटो सुरेख आहेत. पडके चर्च आहे, २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री पांबनहून निघालेली गाडी प्रवाशांसकट समुद्राने कशी गिळली तेही आहे. १९६६ साली जलतरणपटू मिहिर सेन सिलोनच्या (आजच्या श्रीलंकेच्या) तलैमन्नारहून पोहत आले, त्यांना तर वेगळी चौकट मिळाली आहे. पण भारत-सिलोन हा मार्ग ज्यांनी सर्वांत जास्त तुडवला ती माणसे लेखात कुठेच सापडली नाहीत.

मी एकतीस वर्षे रेल्वेच्या तिकीट खिडकीत काढली, त्यामुळे बोट मेलचा मला जरा जास्तच जिव्हाळा. १९१४ मध्ये रामेश्वर बेटाला जोडणारा पांबनचा पूल झाला आणि मद्रासहून थेट कोलंबोला जाता येऊ लागले. धनुष्कोडीपर्यंत गाडी, मग तलैमन्नारपर्यंत आगबोट, पुढे पुन्हा गाडी. मधला समुद्र जेमतेम तीस किलोमीटर. हे सगळे लेखात कौतुकाने आले आहे. मात्र सिलोनमधल्या चहाच्या मळ्यांवर निघालेल्या तमिळ मजुरांना पुलाच्या अलीकडेच, मंडपमला उतरवून घेत. साथीच्या धास्तीने तिथल्या छावणीत काही दिवस अडकवून ठेवत, तपासत आणि मग पुढे सोडत. त्यांच्या आज्या-पणज्यांच्या वेळी तर एवढेही नव्हते. होडीने मन्नारचा किनारा गाठायचा आणि जंगलातून कँडीच्या डोंगरांपर्यंत पायी जायचे. पटकीने कित्येक जण वाटेतच गेले.

१९४८ च्या कायद्याने यातल्या बहुतेकांच्या मुलानातवंडांना सिलोनचे नागरिकत्व नाकारले. ३० ऑक्टोबर १९६४ ला शास्त्रीजी आणि सिलोनच्या पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांनी या लोकांची वाटणी केली: सव्वापाच लाख माणसे भारताकडे, तीन लाख सिलोनकडे, उरलेल्या दीड लाखांचे नंतर बघू. त्याला दोन महिने होत नाहीत तोच धनुष्कोडी बुडाले. मग परतणारे लोक ‘रामानुजम’ बोटीने रामेश्वरला उतरू लागले. आम्ही त्या काळात सिलोन म्हटले की फक्त रेडिओच ओळखत होतो!

त्यांतली एक बाई मला काही वर्षांपूर्वी कुन्नूरच्या गाडीत भेटली. सरकारी मळ्यात पाने खुडणारी. माझ्या मैत्रिणीला तमिळ येत होते म्हणून बोलणे झाले. बाईने पिशवीतून कुटुंबाचे कार्ड काढून दाखवले. घड्यांवर चिकटपट्टी लावलेली, फोटोत आई-वडील, चार मुले आणि उन्हाने डोळे बारीक केलेली ही अकरा वर्षांची. आईने निघताना पाटा-वरवंटा बांधून घेतला होता. धक्क्यावर कोणीतरी वजन जास्त आहे म्हणाले, म्हणून पाटा तलैमन्नारलाच राहिला. वरवंटा तेवढा आला. तो अजून घरी आहे, आणि लग्न होऊन आलेल्या सुना विचारतात, याचा पाटा कुठेय?

१९८३ नंतर, श्रीलंकेत यादवी पेटल्यावर, याच समुद्रातून मच्छीमारांच्या होड्यांतून तमिळ निर्वासित आले. त्यांनाही त्याच मंडपमच्या छावणीत ठेवले.

जाता जाता एक दुरुस्ती. धनुष्कोडीहून बोटसेवा पुन्हा सुरू झाल्याचे लेखात म्हटले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेली सेवा तमिळनाडूतले नागपट्टिणम ते श्रीलंकेतले कांकेसंतुरै अशी आहे. धनुष्कोडीला आता बोट लागण्याजोगा धक्काच उरलेला नाही. बोट मेल मात्र अजून धावते, रामेश्वरपर्यंत.

आपली वाचक,
एक निवृत्त बुकिंग क्लार्क