त्या रात्री धावून आलेल्यांना

आमच्या शिडाच्या बोटीवर आठ दिवसांसाठी चार मित्रमैत्रिणी पाहुणे आले होते. बेटाबेटांतून निवांत फिरायचं, एवढाच बेत. तिसऱ्या रात्री वारा अचानक फिरला आणि पाऊस कोसळू लागला. 9 मीटर पाण्यात 45 मीटर साखळी सोडलेली, म्हणजे चांगली पाचपट, तरी नांगर धरेना. बोट मागे सरकत होती आणि मागे प्रवाळाची रांग.

शेजारच्या बोटीवरचे तुम्ही दोघं न बोलावता डिंगी, म्हणजे बोटीसोबतची छोटी होडी, घेऊन आलात. आमचा दुसरा नांगर त्या लाटांत, वारा जिकडून येत होता त्या बाजूला नेऊन टाकलात. काम झाल्यावरही गेला नाहीत. पहिल्यांदाच बोटीवर आलेली आमची मैत्रीण थरथरत होती, तिच्याशेजारी ताई तुम्ही उजाडेपर्यंत हात धरून बसलात. ते मी कधीच विसरणार नाही.

सकाळी पाहिलं तर पहिल्या नांगराची साखळी प्रवाळाला गुंडाळलेली. होडीतून आलेल्या कोळी काकांनी मला ती ओढू दिली नाही. चार बुड्या मारून, एकेक वेढा हाताने सोडवला. असा गोल प्रवाळ वर्षाकाठी जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो. काकांमुळे तो शाबूत राहिला. पैसे घेतले नाहीत.

आणि सहा माणसांत टाकी आटली तेव्हा गोड्या पाण्याचे दोन कॅन देणाऱ्या त्या कुटुंबाचेही मनापासून आभार.

नावं विचारायची राहूनच गेली. पुन्हा कुठे शेजारी नांगर पडला, तर जेवायला आमच्याकडेच या.