मेलाटोनिन देणाऱ्या पालकांसाठी सूचना
एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) असलेल्या बऱ्याच मुलांचं शरीरातलं घड्याळच मागे असतं, रात्रीचं मेलाटोनिन (झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक) उशिरा स्रवतं. मूल अंथरुणात टक्क जागं असतं तो हट्ट नव्हे.

गोळी डॉक्टरांना विचारूनच द्या. सुरुवात सहसा ०.५ ते १ मिग्रॅने, झोपेच्या ३० ते ६० मिनिटं आधी, रोज ठरल्या वेळी. मग दिवे मंद, मोबाइल बाजूला. उजेडात मेंदूला दिवसच वाटत राहतो. मध्यरात्री जाग आली म्हणून दुसरी गोळी नको: सकाळी गुंगी राहते आणि घड्याळ आणखी मागे सरकू शकतं. उठल्याबरोबर बाहेरचा उजेड हवाच, सुट्टीतही (इथेच बहुतेकांचं गणित बिघडतं). मिथाइलफेनिडेटचा (एडीएचडीचं औषध, झोप उडवू शकतं) डोस दुपारी उशिरा जात असेल तर डॉक्टरांना आधी ते सांगा. फ्लुवोक्सामिन (मंत्रचळ, नैराश्य यांवरचं औषध) चालू असेल तर तेही. त्याने रक्तातलं मेलाटोनिन कित्येक पट वाढतं.